नर्मदातटीचा एक दिवस

सागरतटावरील शहर पाहावयाचे तर एक दिवसाची मार्गदर्शित सहल हा सर्वसामान्य पर्यटकाचा आवडता मार्ग. 'मुंबई दर्शन'च्या बसमधून गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग आणि गिरगाव चौपाटी पाहून सायंकाळी थकून परतलेली किमान एक पिढी प्रत्येक मराठी कुटुंबात असतेच. जबलपूरला समुद्र नाही. पण तट आहे, आणि तो साक्षात नर्मदेचा आहे. अमरकंटकाहून निघून १,३१२ किलोमीटरांचा प्रवास करीत खंभातच्या आखाताला मिळणारी, आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेला स्पर्श करून जाणारी ही नदी जबलपूरच्या दाराशी संगमरवरी कड्यांतून वाहते. तिच्या काठाकाठाने फिरत हे शहर एका दिवसात पाहता येते.

मात्र ही सहल एकट्याने, नकाशा हाती धरून करण्यासारखी नाही. येथील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे म्हणजे दगड आहेत : तोललेला दगड, कोरलेला दगड, पाण्याने कापलेला दगड आणि हाडे पोटात जपलेला दगड. दगड स्वतःहून बोलत नाही. त्याला बोलते करणारा माणूस सोबत हवा. त्या माणसाचे म्हणणे मन लावून ऐकणे, आणि तो सांगतो त्यातील दंतकथा कोणती व इतिहास कोणता हे आपले आपण पारखणे, यातच या सहलीचे खरे मर्म आहे.

मराठ्यांची पाऊलखूण

जबलपूर हे मराठी वाचकाला परके शहर नव्हे. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचा प्रदेश ताब्यात घेतला आणि जबलपूर हे आपले ठाणे केले. १७९८ मध्ये हा भाग पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८च्या युद्धानंतर तो इंग्रजांच्या हाती पडला. पुढे १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता या दोन महानगरांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथेच पूर्ण झाला. आजही मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याकडे जाणारी गाडी याच स्थानकावरून पुढे जाते, तर नागपूरहून रस्त्याने सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांचे अंतर कापून येथे पोहोचता येते.

सकाळ : टेकडीवरचा महाल

सहलीचा आरंभ मदनमहालाच्या टेकडीपासून करावा. ऊन चढण्यापूर्वी ती चढणे सुखाचे. ग्रॅनाइटच्या एका प्रचंड शिळेवर बांधलेली ही छोटेखानी वास्तू गोंड राजा मदनसिंह याच्या नावाने ओळखली जाते. 'महाल' या शब्दाने मनात उभ्या राहणाऱ्या वैभवापेक्षा ती टेहळणीची चौकीच अधिक वाटते. या टेकड्यांच्या छायेत सोन्याच्या विटा पुरून ठेवल्या आहेत, ही कथा मार्गदर्शक हमखास सांगतो. धन जमिनीत पुरून ठेवण्याचा काळ केव्हाच मागे पडला, तरी गुप्तधनाच्या कथेचे आकर्षण ओसरलेले नाही, याची गंमत वाटल्याखेरीज राहत नाही.

जवळच 'बॅलन्सिंग रॉक' आहे. एका शिळेवर दुसरी अवाढव्य शिळा अगदी थोड्या पृष्ठभागावर टेकून उभी आहे. ही कोणा मानवी हाताची किमया नव्हे. ग्रॅनाइटच्या भेगांमधून हजारो वर्षे झालेल्या झिजेचा तो परिणाम आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने या शहरातील अनेक घरे पाडली, माणसे दगावली. ही शिळा मात्र जागची हलली नाही. मार्गदर्शक हा प्रसंग अभिमानाने सांगतो, पण त्या पहाटेची आठवण असलेला जबलपूरकर तो सांगताना क्षणभर थांबतोही.

तेथून भंवरताल उद्यानाजवळील राणी दुर्गावती संग्रहालयात जावे. चंदेल घराण्यात जन्मलेली आणि गढ्याचा राजा दलपतशहा याच्याशी विवाहबद्ध झालेली दुर्गावती पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्र वीरनारायण याच्या नावे राज्य सांभाळीत होती. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा तिने शरण जाण्याचे नाकारले आणि २४ जून रोजी रणांगणावरच देह ठेवला. शहराच्या नकाशावर तिची स्मृती पाण्याच्या रूपाने राहिली आहे. राणीताल तिचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा, असे परंपरा सांगते. राणीबरोबर दासीचेही नाव तलावाला मिळावे, ही गोष्ट त्या काळाविषयी बरेच काही सांगून जाते.

तेवर : राजधानी आणि अधिवेशन

भेडाघाटच्या वाटेवर तेवर हे गाव लागते. आज साधेसुधे दिसणारे हे गाव म्हणजे कलचुरि राजांची राजधानी त्रिपुरी. घाईतील पर्यटकाची गाडी येथे थांबत नाही. चालकाला मुद्दाम सांगून ती थांबवावी, कारण पुढे भेडाघाटला जे पाहावयाचे आहे त्याचे मूळ येथे आहे.

आणि येथे एका मराठी विद्वानाचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच ठरते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी नागपुरात राहून कलचुरि राजांचे ताम्रपट व शिलालेख वर्षानुवर्षे अभ्यासले. 'कलचुरि-चेदि' संवताच्या लेखांचा त्यांनी संपादित केलेला बृहद् ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. या राजवंशाचा कालक्रम आज आपण ज्या विश्वासाने सांगतो, त्यामागे कोकणात जन्मलेल्या या संशोधकाचे परिश्रम आहेत.

याच त्रिपुरीचे नाव मार्च १९३९ मध्ये देशभर गाजले. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी झालेल्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभि सीतारामय्या यांचा पराभव केला होता. त्यानंतरचे अधिवेशन जबलपूरजवळ, प्राचीन त्रिपुरीच्या नावाने भरले. अध्यक्ष तापाने फणफणलेले होते आणि त्यांना स्ट्रेचरवरून अधिवेशनस्थळी आणावे लागले. पुढील महिन्यातच त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. जुन्या शहरातील कमानिया गेट हे या अधिवेशनाचे स्मारक आहे; बाजाराच्या गर्दीतून जाताना मान वर करून ते अवश्य पाहावे.

दुपार : योगिनींचे वर्तुळ

शहरापासून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरांवरील भेडाघाटला पोहोचल्यावर प्रथम चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात. दहाव्या शतकाच्या सुमारास कलचुरिकाळात उभारलेले हे मंदिर वर्तुळाकार असून त्याचा मध्यभाग आकाशाला खुला आहे. नाव चौसष्ट योगिनींचे असले तरी भोवतालच्या ओवरीत योगिनींसाठी एक्याऐंशी कोनाडे आहेत. बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत; तरीही त्यांच्या पीठांवर कोरलेली नावे योगिनीपरंपरेच्या अभ्यासकांना अमोल वाटतात. मधोमध असलेल्या मंदिरात नंदीवर आरूढ झालेल्या शिवपार्वतीची दुर्मीळ मूर्ती आहे.

येथून थेट राणी दुर्गावतीच्या महालापर्यंत एक भुयार जाते, असे मार्गदर्शक सांगेल. ही कथा ऐकण्यास रम्य आहे. परंतु मंदिर उभे राहिले तेव्हा दुर्गावतीच्या जन्माला पाच शतकांहून अधिक काळ अवकाश होता, हे मनाशी ठेवावे. याउलट याच परिसरातील ११५५ सालचा एक शिलालेख फारसा कोणाला ठाऊक नसतो. कलचुरि राजा गयाकर्ण याची विधवा राणी अल्हणदेवी हिने येथे शिवमंदिर बांधविले, त्याची ही नोंद. मंदिरासोबत तिने मठ आणि अध्ययनाची शाळाही उभारली. ती शिळा पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात गेली. भुयाराची कथा सांगणाऱ्या मार्गदर्शकाला अल्हणदेवीविषयी आपण सांगितले, तर पुढच्या प्रवाशांना कदाचित दोन्ही कथा ऐकायला मिळतील. ज्ञानाचा प्रवाह नेहमी एकाच दिशेने वाहावा असे थोडेच आहे?

धुआँधार आणि नावाड्याची वाणी

जवळच नर्मदा कड्यावरून झेपावते. तुषारांचा धुरासारखा लोट उठतो म्हणून हा 'धुआँधार'. पावसाळ्यात येथे मोठा प्रपात दिसेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात महापुराच्या दिवसांत नदीची पातळी इतकी चढते की धबधबाच लोपून जातो. पैलतीरी जाण्यासाठी रोपवेची सोय आहे. कठड्याबाहेरच्या ओल्या खडकांवर छायाचित्रांच्या मोहाने जाणे प्राणावर बेतू शकते. मार्गदर्शक 'पुढे जाऊ नका' म्हणतो तेव्हा वाद घालू नये.

त्यानंतर पंचवटी घाटावरून नौकाविहार. दोन्ही बाजूंना शुभ्र, गुलाबी, निळसर आणि मधूनच काळे कडे. भूगर्भशास्त्राच्या परिभाषेत हा मॅग्नेशियमयुक्त चुनखडकापासून बनलेला संगमरवर. पण नावेत बसल्यावर परिभाषा मागे पडते आणि नावाड्याची वाणी सुरू होते. भेडाघाटचे नावाडी वल्ही मारता मारता यमकांत समालोचन करतात. कोणत्या खडकात कोणता प्राणी दिसतो, पूर्वी माकडे एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारीत ती 'बंदरकूदनी' कोणती, नदी वाट चुकविते ती 'भूलभुलैया' कोणती, हे सारे ते विनोदाच्या फोडणीसह ऐकवितात. राज कपूर यांच्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटाचे चित्रण याच कड्यांमध्ये झाले, हेही ते सांगतात. नाव गंगेचे, पडद्यावरचे पाणी मात्र नर्मदेचे!

हे समालोचन कोणत्याही पुस्तकातून पाठ केलेले नसते. जुन्या नावाड्यांकडून नव्यांकडे आलेला तो मौखिक ठेवा आहे. डोहाची खोली सांगताना त्यात अतिशयोक्ती होते हे खरे. परंतु पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो आणि त्या महिन्यांत या मंडळींचे हे उत्पन्न थांबते, हेही तितकेच खरे. आपण कानांत यंत्र खुपसून बसलो, किंवा 'भाऊ, लवकर आटपा' म्हणालो, तर ही कला हळूहळू मुकी होईल. घाटावर संगमरवरी मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांचीही तीच कथा. जबलपूरच्या या पाषाणकलेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. परंतु मानांकनाने पोट भरत नाही, गिऱ्हाइकाने भरते. एखादी लहानशी मूर्ती योग्य दाम देऊन घ्यावी.

संध्याकाळ : लमेटा ते ग्वारीघाट

परतीच्या वाटेवर लमेटाघाट आहे. पृथ्वीच्या इतिहासात या घाटाचे नाव कोरले गेले आहे, कारण मध्य व पश्चिम भारतातील डायनोसॉरचे अवशेष असलेल्या खडकांच्या थराला 'लमेटा' हेच नाव आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपुरातच काही विशाल अस्थी सापडल्या. त्या वेळी 'डायनोसॉर' हा शब्दही अस्तित्वात नव्हता. तो १८४२ मध्ये रूढ झाला. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा हा रहिवासी. भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, तो अशाच साक्षींमुळे.

जवळच्या तिलवारा घाटावर १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन झाले. आणि दिवसाची अखेर ग्वारीघाटावरील सायंआरतीने. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मधून ज्यांनी नर्मदामाईची ओळख करून घेतली, त्यांना 'नर्मदे हर'चा घोष ऐकताना वेगळे काही सांगावे लागणार नाही. याच शहरात जन्मलेले चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी उतारवयापर्यंत ही परिक्रमा टप्प्याटप्प्याने चालून रेखाटनांत आणि शब्दांत उतरविली. ती वर्षानुवर्षांची वाटचाल आठवली की आपली एका दिवसाची सहल किती लहान आहे हे उमगते, आणि पुन्हा येण्याचे निमित्तही मिळते.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम; शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो. शासकीय संग्रहालय सोमवारी बंद असते. पायऱ्या बऱ्याच असल्याने ज्येष्ठांनी काठी व पाण्याची बाटली जवळ ठेवावी. मार्गदर्शकाचे मानधन आणि नावेचे भाडे आधीच ठरवून घ्यावे. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आता घाटावरही पोहोचली असली, तरी थोडे सुटे पैसे असू द्यावेत. नावेत जीवरक्षक जाकीट अवश्य घालावे.

आणि एक गोष्ट न विसरता सोबत न्यावी : ऐकून घेण्याची सवड. ठरलेल्या मानधनावर दहा-वीस रुपये अधिक देणे सोपे असते. आणखी दहा मिनिटे थांबून सांगणाऱ्याची गोष्ट पुरी होऊ देणे थोडे कठीण. जबलपूरचे दगड त्या दहा मिनिटांतच बोलतात.