स्टेबल डिफ्यूजन

स्टेबल डिफ्यूजन ही शब्दांत दिलेल्या वर्णनावरून चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आहे. म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठातील संशोधकगट, रनवे आणि स्टॅबिलिटी एआय यांच्या सहकार्यातून ती विकसित झाली व २२ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्याच वर्षी आलेल्या डाल-ई २ आणि मिडजर्नी या प्रणाली त्यांच्या कंपन्यांच्या सर्व्हरवरच चालत. स्टेबल डिफ्यूजन मात्र चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या घरगुती संगणकावरही चालवता येते. छायाचित्रासारखी चित्रे तयार करून पाहणाऱ्या हौशी प्रयोगकर्त्यांमध्ये तिचा प्रसार होण्याचे हे मुख्य कारण होय.

कार्यपद्धती

प्रशिक्षणाच्या वेळी मूळ चित्रात टप्प्याटप्प्याने अस्ताव्यस्त ठिपके, म्हणजे नॉइज, मिसळला जातो आणि तो ओळखण्यास प्रणालीला शिकवले जाते. चित्र घडवताना हीच क्रिया उलट चालते. आरंभी निव्वळ नॉइज असतो. वर्णनाच्या अनुरोधाने तो थोडा थोडा वजा होत जाऊन चित्र उमटते. ही गणना थेट पिक्सेलांवर होत नाही. पहिल्या आवृत्तीत ५१२ × ५१२ पिक्सेलांचे चित्र ६४ × ६४ आकाराच्या चार थरांत संक्षिप्त केले जाते, त्यामुळे स्मृती कमी लागते.

वास्तवसदृश चित्रे

वर्णनात केवळ ‘वृद्ध कोळी’ एवढेच लिहिल्यास परिणाम रंगचित्रासारखा, रेखाटनासारखा किंवा छायाचित्रासारखा, कसाही येऊ शकतो. त्यात ‘छायाचित्र’, ‘८५ मिमी लेन्स’, ‘खिडकीतून येणारा प्रकाश’ अशा अर्थाचे शब्द घातले की चित्र छायाचित्राकडे झुकते. प्रणालीला भिंगाचे ज्ञान असते म्हणून हे घडत नाही. प्रशिक्षणातील छायाचित्रांच्या मथळ्यांत असे शब्द होते, एवढेच. म्हणून येथे ‘वास्तव’ याचा अर्थ छायाचित्रणाच्या रूढ शैलीशी साम्य असा घ्यावा लागतो. धूसर पार्श्वभूमी आणि नितळ चेहरा हे त्या शैलीचेच अंश होत.

प्रत्येक चित्राच्या आरंभीचा नॉइज ‘सीड’ नावाच्या संख्येवरून ठरतो. सीड कायम ठेवून वर्णनातील एकच शब्द बदलला, तर त्या शब्दाचा परिणाम वेगळा पाहता येतो. शिस्तशीर प्रयोगाची हीच रीत आहे. वर्णनाचे पालन किती काटेकोर असावे हे ठरवणारे मूल्य बहुधा ७ च्या आसपास ठेवतात. ते फार वाढवल्यास रंग भडक होतात आणि छायाचित्राचा आभास नाहीसा होतो.

गर्दीतील दूरचे चेहरे बिघडतात, कारण संक्षिप्त रूपातील एक घर मूळ चित्रातील ८ × ८ पिक्सेलांचे असते आणि लहान चेहऱ्याच्या वाट्याला मोजकीच घरे येतात. बोटांची संख्या चुकण्याचा दोष तर कुप्रसिद्धच आहे. छायाचित्रांत हात मुडपलेले वा झाकलेले असतात आणि मथळ्यात कोणी बोटे मोजून लिहीत नाही. जुलै २०२३ मधील एसडीएक्सएल या १०२४ × १०२४ पिक्सेलांच्या आवृत्तीत हे दोष कमी झाले, संपले नाहीत.

मराठी वर्णने

पहिल्या आवृत्तीचे प्रशिक्षण मुख्यत्वे इंग्रजी मथळ्यांच्या चित्रांवर झाले. तिची वर्णनाची मर्यादा ७७ टोकनांची आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असल्याने मराठी वाक्याचे तुकडे अधिक पडतात; मर्यादा लवकर संपते आणि अर्थही नीट पोहोचत नाही. इंग्रजीत लिहूनही नऊवारीच्या जागी साधी गोल साडी येऊ शकते. दुकानाच्या पाटीवर अक्षरांऐवजी अक्षरांसारखे आकार उमटतात.

विश्वासार्हतेचा प्रश्न

मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर जाकिटातील पोप फ्रान्सिस यांचे चित्र अनेकांना खरे वाटले. ते मिडजर्नीने केलेले होते. पुढच्याच महिन्यात जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतील पारितोषिक, आपली प्रवेशिका कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली असल्याचे सांगून नाकारले. २०२४ मध्ये याच्या उलट प्रकार घडला. माइल्स अ‍ॅस्ट्रे यांनी डोके दडवलेल्या रोहित पक्ष्याचे खरे छायाचित्र एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात पाठवले. त्याला पारितोषिक मिळाले आणि खुलाशानंतर ते बाद ठरले. दोन्ही वेळा खुलासा निर्मात्याने स्वतःच केला.

स्टेबल डिफ्यूजनच्या मूळ संगणक-आज्ञावलीत चित्रावर अदृश्य खूण उमटवण्याची सोय होती. आज्ञावली खुली असल्याने वापरकर्त्याला ती काढून टाकता येते.