सातपुड्याच्या टोपलीतलं सीताफळ

नंदुरबारहून निघून हातोडा पुलावरून तापी ओलांडली की तळोद्याची सपाटी सुरू होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, पपई, ऊस. नजर पोचेल तिथवर ओलिताची शेती. उत्तरेला मात्र सातपुडा उभा असतो, आणि दसरा उलटल्यावर ज्या फळासाठी या मुलखात यावं ते फळ या काळ्या जमिनीत पिकत नाही. ते डोंगरावरून खाली येतं. पहाटे तोडलेलं, टोपल्यांत भरलेलं, बायकांच्या डोक्यावरून कोठारच्या किंवा धडगावच्या रस्त्याला लागलेलं सीताफळ.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलांना घेऊन सफरचंदाच्या बागांमध्ये जातात. बाग एखाद्या घराण्याची असते, फळ आपल्या हाताने तोडायचं असतं आणि निघताना दारातल्याच दुकानातून रस, मुरांबा, भोपळा घ्यायचा असतो. हिमाचलात कोटगढ परिसरात सॅम्युएल स्टोक्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतून सफरचंदाची कलमं आणून लावली आणि तिथल्या शेतकरी घरांचं नशीब पालटलं. महाराष्ट्रात मात्र शरदातली अशी फेरी काढायची तर सफरचंदाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जुन्या नावाजलेल्या जातींना हिवाळ्यात हजारेक तासांची कडक थंडी लागते. तळोद्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. वर डाब-तोरणमाळकडे काही पहाटे दव गोठतं खरं, पण तेवढ्याने सफरचंदाचं भागत नाही. आपलं शरदाचं फळ सीताफळच आहे, आणि त्याची बाग पाहायची तर डोंगर चढायला हवा.

हे फळ मूळचं इथलं नव्हे. भारहुतच्या स्तूपावर कोरलेली फळं सीताफळंच आहेत, असं पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ साली मांडलं आणि तो वाद अधूनमधून अजून डोकं वर काढतो. पण वनस्पतिशास्त्राचा कौल अमेरिकेच्या उष्ण प्रदेशाकडे आहे, आणि पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. नंदुरबार जिल्ह्यात ही गोष्ट मला विशेष वाटते. इथली मिरची देशभर जाते, पपई ट्रकांनी भरून निघते, मका घरोघर आहे. हे तिन्ही अमेरिकेहूनच आले आणि तिन्ही माणसाच्या हाताखाली, पाण्या-खताच्या आधाराने सपाटीवर राहिले. सीताफळाने तेवढी डोंगराची वाट धरली आणि तिथे कुणी न लावता, कुणी पाणी न घालता रान व्यापलं.

ते व्यापण्याची कारणं झाडातच आहेत. मुरमाड, उथळ, दगडगोट्यांची जमीन त्याला चालते. पावसाळा सरून जमीन कोरडी पडली की ते पानं गाळतं आणि पाण्याची गरज मिटवून टाकतं. शेळी बहुतेक झुडपं ओरबाडते, पण सीताफळाच्या कडवट, उग्र वासाच्या पानांना तोंड लावत नाही. जिथे गुरं-शेळ्या रोज चरतात त्या उतारावर बाकीचं खुरटत जातं आणि हे उभं राहतं. पाखरं, खारी, वटवाघळं गर खातात आणि बी दूरवर टाकतात. या बियांतली द्रव्यं इतकी जहाल असतात की उवा मारायला त्यांची पूड वापरायची जुनी रीत आहे. ही पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, म्हणून आता तरी कुणी हा उपाय करू नये.

डोंगरातल्या पाड्यांवर बाग असा वेगळा तुकडा नसतो. घरामागची दोन-चार झाडं, बांधावरची काही आणि पुढे रानातली. कुठल्या अंगाचं झाड लवकर येतं, कुठल्याचा गर रवाळ आणि कुठल्यात बियाच फार, हे घरातल्या म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर या लोकांची मालकी मान्य केली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हीच माणसं याच झाडांची राखण करत होती. माझ्या लेखी कौटुंबिक बाग म्हणतात ती हीच, कुंपण नसलेली.

तोडणीत खरी परीक्षा नजरेची. फळावर जे उंचवटे दिसतात त्यांना डोळे म्हणतात. फळ कोवळं असतं तोवर डोळे एकमेकांना चिकटून, हिरवेगार असतात. तयार होत आलं की ते सुटे होऊ लागतात, मधल्या चिरांमध्ये पिवळसर पांढरी रेघ दिसते. डोळे उघडले, असं म्हणायचं आणि मगच हात लावायचा. आधी तोडलेलं फळ पिकत नाही, काळं पडून दगडासारखं होतं. उशीर झाला तर झाडावरच फुटतं आणि पाखरांच्या वाट्याला जातं. उंचावरचं फळ आकडीने ओढून खाली पाडलं की दबतं, म्हणून पोरं फांदीवर चढून देठासकट खुडतात.

रस्त्याच्या कडेला बसलेली बाई टोपलीत तळाशी सीताफळाचीच पानं घालते, वर फळं रचते. मोठी फळं एकीकडे, बारकी दुसरीकडे. वजनकाटा क्वचितच, वाटा लावलेला असतो, नाहीतर अख्खी टोपली ठरवायची. आपण फळं दाबून पाहू लागलो की ती हात अडवते. देठाजवळ अंगठा नुसता टेकवून, न दाबता, ती तीन ढीग करून देते. “भाऊ, ही आज खा. ही उद्या. ही परवाला ठेवा, फ्रीजमध्ये नका घालू.” शेवटची सूचना शास्त्राला धरून आहे. कच्चं सीताफळ साधारण १३-१४ अंशांच्या खाली ठेवलं की त्याची पिकण्याची क्रिया बिघडते, साल काळवंडते आणि मग बाहेर काढूनही ते नीट मऊ होत नाही.

कधी कधी वाट्यात एका बाजूने फुगलेलं आणि दुसरीकडे चपटं, वाकडं फळ येतं. गिऱ्हाईक ते बाजूला काढतं. त्या वाकडेपणाचं मूळ पावसाळ्यात असतं. सीताफळाचं फूल खाली मान घालून लोंबतं, तीन जाड हिरवट पाकळ्यांचं. त्यातला स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर मोकळे होतात, त्यामुळे फूल स्वतःचं स्वतः सहसा फळत नाही. गोडसर वासाने ओढले जाणारे बारके भुंगेरे एका फुलातून दुसऱ्यात पराग नेतात. एका फुलात अनेक स्त्रीकेसर असतात. ज्याला पराग मिळाला त्याचा गर आणि बी होतं, ज्याला मिळाला नाही ती जागा रिकामी राहते. भुंगेऱ्यांचं काम अर्धवट राहिलं की फळ वाकडं येतं. चवीत काही फरक नसतो, तेव्हा वाट्यातलं वाकडं फळ खुशाल घ्यावं.

या हंगामातच तळोद्यातून अस्तंब्याची यात्रा निघते. अस्तंबा हे सातपुड्यातलं १,३२५ मीटर उंचीचं शिखर, आणि तिथला देव म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो या डोंगरांत फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी इथली श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून तरुणांचे जथे तळोद्यात येतात आणि कोठारवरून डोंगरात चालत शिरतात. सीताफळाचा भरही याच दिवसांतला. जत्रा आणि फळ एकाच आठवड्यात येणं विकणाऱ्या घरांना फार मोलाचं आहे, कारण एरवी त्यांच्यापाशी गिऱ्हाईक चालत येत नाही.

हा पैसा वेळेवर येतो, हीच त्याची मोठी किंमत. डोंगरातल्या घराचं वर्ष झाडांवर चालतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं, मग आंबा आणि त्याचा आमचूर, पावसाळ्यात मका-ज्वारी, आणि शरदात सीताफळ. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबं पोराबाळांसह गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी हातात येणारी रोकड बऱ्याचदा या टोपल्यांचीच असते. तळोद्याच्या आसपास रोझवा, रेवानगर, नर्मदानगर या वसाहती आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याने उठवलेली नर्मदाकाठची माणसं तिथे राहतात. त्यांना सपाटीवर जमीन मिळाली. पण जमिनीच्या बदल्यात जमीन मोजताना रानातल्या झाडांचं वर्षभराचं येणं कुठल्या रकान्यात मांडायचं, याचं समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

अडचण टिकाऊपणाची आहे. तोडल्यापासून तीन-चार दिवसांत फळ संपतं, आणि हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. दुपार कलली की भाव उतरतो, कारण टोपली घेऊन डोंगर पुन्हा चढणं कुणाला परवडणार? गर काढून ठेवावा तर तोही सोपा नाही. हवा लागली की तो तपकिरी होतो आणि जास्त तापवला की कडवट. म्हणून तो झटपट काढून उणे १८-२० अंशांत गोठवावा लागतो. असा गर घेणारे पुष्कळ आहेत. १९८४ साली जुहूला सुरू झालेल्या नॅचरल्स आइस्क्रीमच्या सुरुवातीच्या चवींत सीताफळ होतं. आज बासुंदी, रबडी, आइस्क्रीम यांत ते लग्नसराईभर चालतं. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या नाणा परिसरात आदिवासी स्त्रियांनी रानातल्या सीताफळाचा गर काढून विकण्याचं काम उभं केलं. छत्तीसगडात कांकेरकडेही असे प्रयत्न झाले. सातपुड्यात हे करायचं तर गर काढण्याचं केंद्र धडगावला किंवा कोठारला हवं, सुरत-नाशिकला नव्हे. फळ डोंगर उतरून दूर गेलं की त्यातला मोठा वाटा हमालीत आणि नासाडीतच जातो.

दुसरा मार्ग लागवडीचा. पुरंदरच्या सीताफळाची ख्याती आहे, बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईला संशोधन केंद्र आहे, आणि बार्शी तालुक्यात गोरमाळे इथे नवनाथ कसपटे यांनी निवडीतून आणलेला ‘गोल्डन’ वाण मोठं फळ, कमी बिया आणि जास्त टिकाऊपणा यांमुळे राज्यभर पसरला. डोंगरातल्या शेतकऱ्याने बांधावर त्याची चार कलमं लावली तर चांगलंच आहे. मात्र रानातली गावठी झाडं तोडून एकाच वाणाची रांग लावायला माझा ठाम विरोध आहे. गावठीत प्रत्येक झाड बियांपासून आलेलं, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव वेगळा: कुठे लवकर येणारं, कुठे दुष्काळातही धरणारं. पुढच्या वाणांसाठीची निवड यातूनच होणार आहे. सातपुड्यातल्या गावठी झाडांची नीट नोंद व्हावी, चांगल्या झाडांची कलमं त्याच पाड्यांवर व्हावीत. पंचक्रोशीतल्या आश्रमशाळांची मुलंसुद्धा एका हंगामात यातलं अर्धं काम करू शकतील, इतकी त्यांना झाडांची ओळख असते.

जाणार असाल तर दसऱ्यानंतर ते दिवाळीच्या आठवड्यापर्यंतचे दिवस निवडा. पाऊस लांबला असेल तर हंगाम आणखी पुढे सरकतो. तोरणमाळला शहाद्यावरून जाता येतं आणि १,१०० मीटरहून उंच त्या पठारावर यशवंत तलाव, सीताखाई पाहून होते; धडगावकडे तळोद्याहून चांदसैली घाटाने चढावं लागतं. सोबत पुठ्ठ्याची खोकी आणि वर्तमानपत्राची रद्दी न्या, प्लास्टिकच्या पिशवीत फळ घामेजून एका दिवसात जातं. सुटे पैसे जवळ ठेवा आणि सांगितलेला भाव द्या. सकाळी लवकर निघा. चांगली फळं दुपारच्या आत संपतात, आणि चांदसैलीचा अरुंद घाट अंधारात उतरण्याजोगा नाही.