नोंदणी की परवाना? : स्थावर संपदा अभिकर्त्याच्या व्यवसायाचे नियमन

प्रास्ताविक

घरखरेदी हा बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यामध्ये पुष्कळदा एक मध्यस्थ असतो. बोलीभाषेत आपण त्याला ‘दलाल’ म्हणतो. हा शब्द मूळ अरबी असून ‘दाखविणारा, वाट सांगणारा’ हा त्याच्या धातूचा अर्थ आहे. मराठीत मात्र त्याला संशयाची छटा चिकटली. महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांविषयी १९६३ साली अधिनियम झाला. परंतु त्याचा भर प्रवर्तकाच्या, म्हणजे बांधकाम करून विक्री करणाऱ्याच्या, दायित्वांवर होता. मध्यस्थाची स्वतंत्र नोंदणी त्यात नव्हती.

व्याख्येची व्याप्ती

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने ही उणीव दूर केली. त्यातील मुख्य तरतुदी १ मे २०१७ पासून अमलात आल्या. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘महारेरा’, करते. विधिभाषेने मध्यस्थाला ‘अभिकर्ता’ म्हटले. तथापि केवळ नाव बदलून ती थांबली नाही. मोबदला घेऊन व्यवहाराची बोलणी करणारा, तसेच कोणत्याही माध्यमातून ग्राहक व विक्रेता यांची गाठ घालून देणारा, असे दोघेही व्याख्येत येतात; मग त्याला कोणत्याही नावाने ओळखले जात असो. ‘मी दलाल नाही, सल्लागार आहे’ ही पळवाट या एका वाक्यांशाने बंद होते.

नोंदणी आणि परवाना

‘नोंदणी’ म्हणजे नाव लिहून घेणे. ‘परवाना’ म्हणजे एखादे काम करण्याची अनुमती देणे. अधिनियमात शब्द ‘नोंदणी’ असाच आहे. परंतु कलम ९ नुसार नोंदणीवाचून अभिकर्त्याला नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करता येत नाही. गैरवर्तन आढळल्यास, म्हणणे मांडण्याची संधी देऊन, नोंदणी रद्दही करता येते. म्हणजेच नाव नोंदणीचे असले तरी परिणाम परवान्याचा आहे.

२०२३ साली महारेराने यापुढचे पाऊल टाकले. अभिकर्त्यांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक ठरविली. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या धंद्याला आता ज्ञानाची अट लागू झाली. धंदा आणि व्यावसायिक वृत्ती यांतील सीमारेषा हीच होय.

कर्तव्ये आणि दंड

कलम १० प्रमाणे अभिकर्त्याने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीस साहाय्य करू नये, हिशेबाची पुस्तके ठेवावीत, खोटी किंवा दिशाभूल करणारी विधाने करू नयेत आणि ग्राहकाला हक्काची कागदपत्रे व माहिती मिळवून द्यावी. कलम ९ किंवा १० चा भंग केल्यास, भंग चालू असेपर्यंत दररोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्के आहे. पीडित व्यक्तीला कलम ३१ नुसार थेट प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.

मर्यादा

या नियमनाचे क्षेत्र अमर्याद नाही, हे लक्षात घ्यावे. कलम ९ ची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीशी निगडित आहे. जुन्या इमारतीतील सदनिकेची पुनर्विक्री किंवा भाड्याचा व्यवहार या सक्तीच्या कक्षेत येत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसलेल्या भूखंडावरील, किंवा ८ पेक्षा अधिक सदनिका नसलेल्या प्रकल्पालाही नोंदणीतून सूट आहे. शिवाय नोंदणी क्रमांक म्हणजे सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे. चूक झाल्यास जाब कोणाला व कोठे विचारायचा, एवढे तो निश्चित करतो. ज्या ग्राहकाने आयुष्याची पुंजी पणाला लावलेली असते, त्याच्या दृष्टीने हेही थोडे नाही. म्हणून प्रकल्पाचा आणि अभिकर्त्याचा, असे दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहणे हे सुजाण ग्राहकाचे पहिले काम होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नोंदणी’ व ‘परवाना’ या संज्ञांतील अर्थभेद उदाहरणासह स्पष्ट करा.
२. ‘कोणत्याही नावाने ओळखले जात असो’ या वाक्यांशाचे व्याख्येतील कार्य सांगा.