संशोधकाच्या संगणकावरील आज्ञावली : निवडीचा एक निकष

प्रबंधलेखनास आरंभ करणारा विद्यार्थी आपल्या संगणकावर कोणत्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, ठेवाव्यात याचा विचार फारसा करीत नाही. सहाध्यायांकडे जे असते तेच बहुधा त्याच्याकडेही येते. परंतु शोधनिबंध, टिपणे, संदर्भसूची आणि सामग्री ही आज संगणकातच जन्म घेतात व तेथेच राहतात. म्हणून साधनाची निवड हा केवळ सोयीचा विषय नसून संशोधनाच्या आयुष्याचा विषय होय. प्रस्तुत लेखात एक निकष मांडून त्या आधारे काही आज्ञावलींची शिफारस करावयाची आहे. तो निकष असा : ज्या आज्ञावलीने लेखन केले ती उद्या उपलब्ध नसली, तरी ते लेखन वाचता येईल काय?

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न काल्पनिक नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीपूर्वी विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. त्यामुळे फॉन्ट तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविल्या. अशा फॉन्टमध्ये लिहिलेला प्रबंध डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरे व चिन्हेच साठविलेली असतात. शिवाय कोणत्या अक्षराच्या जागी कोणती आकृती, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या परीने ठरविले. परिणामी तो विशिष्ट फॉन्ट नाहीसा झाला की पानेच्या पाने निरर्थक होतात आणि तो हाताशी असला तरी त्या मजकुरात एखादा मराठी शब्द शोधता येत नाही. युनिकोड या संकेतपद्धतीत मात्र प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले व त्या विभागाची रचना इस्की या भारतीय संकेताच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे.

आपले जुने लेखन कोणत्या प्रकारचे आहे हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. एखादा परिच्छेद निवडून त्याचा फॉन्ट बदलावा. अक्षरे देवनागरीच राहिली तर ते युनिकोड होय. रोमन चिन्हे दिसू लागली तर मजकूर जुन्या पद्धतीचा आहे असे समजावे. अशा मजकुराचे रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत, परंतु रूपांतरानंतर जोडाक्षरे व मजकुरात मिसळलेले इंग्रजी शब्द यांची तपासणी अपरिहार्य असते. कारण रूपांतर करणारे यंत्र त्या इंग्रजी अक्षरांनाही देवनागरी समजून बदलून टाकते.

लेखनासाठी प्रथम कळफलक निश्चित करावा. इन्स्क्रिप्ट हा कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत अंगभूत आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असल्याने थोड्या सरावाने गती येते. लेखनाची आज्ञावली म्हणून लिबरऑफिसची शिफारस करावीशी वाटते. २०१० साली ओपनऑफिसपासून ती स्वतंत्र झाली. ती विनामूल्य आहे आणि तिच्या फाईलींचे स्वरूप २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालेले आहे. या स्वरूपाची रचना सर्वांना खुली असल्याने ते वाचणारी दुसरी आज्ञावली कोणासही तयार करता येते. मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरणाऱ्याने ती सोडलीच पाहिजे असे मात्र नाही. तिच्या नव्या स्वरूपालाही २००८ साली असेच प्रमाणत्व लाभले आहे व तीही युनिकोड लिहिते. येथे मुद्दा किमतीचा नसून स्वरूपाच्या खुलेपणाचा आहे.

मराठीची दोन वैशिष्ट्ये येथे ध्यानात ठेवावयास हवीत. पहिले वर्णक्रमाचे. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर आहे. केवळ क्रमांकाने लावलेल्या सूचीत ‘कला, कळस, कवच, कहर’ असा क्रम लागेल. मराठी कोशाचा क्रम मात्र ‘कला, कवच, कहर, कळस’ असा आहे. म्हणून सूची लावताना आज्ञावलीत भाषा मराठी निवडावी आणि लागलेला क्रम एकदा स्वतः तपासावा. दुसरे वैशिष्ट्य ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या रकाराचे. तो दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, परंतु साधा शोध घेणाऱ्या यंत्राला ती भिन्न वाटतात. एखाद्या शब्दाचे प्रयोग मोजणाऱ्या भाषाभ्यासकाचे निष्कर्ष एवढ्यानेच चुकू शकतात. यावर उपाय म्हणजे मोजणीपूर्वी संपूर्ण मजकुरात एकच रूप करून घेणे.

संदर्भांच्या व्यवस्थेसाठी झोटेरो ही आज्ञावली उपयुक्त आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेली ही आज्ञावली २००६ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथ, लेख व टिपणे यांचा संग्रह ती आपल्याच संगणकावर ठेवते, लिबरऑफिस व वर्ड या दोहोंत तळटीप घालते आणि त्यावरून ग्रंथसूची सिद्ध करते. तिच्यातील बहुतेक शैली इंग्रजी लेखनासाठी रचलेल्या असल्याने ‘संपादक’, ‘आवृत्ती’, ‘पृष्ठ’ यांसारख्या संज्ञा मराठी प्रबंधात तपासून घ्याव्या लागतात. परंतु संपूर्ण संग्रह खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतो, हा तिचा मोठा गुण होय. पाच वर्षे जमविलेले संदर्भ एकाच आज्ञावलीत अडकून पडण्याचे भय त्यामुळे उरत नाही.

जुन्या मुद्रित ग्रंथांच्या छायाचित्रांवरून मजकूर मिळविण्यासाठी टेसरॅक्ट ही आज्ञावली आहे. ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीत १९८५ पासून तिचे काम सुरू झाले व २००५ साली ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. मराठीसाठी लागणारी सामग्री तिच्याबरोबर मिळते. पानाचे छायाचित्र इंचास ३०० बिंदू इतक्या सूक्ष्मतेने घेतल्यास फल चांगले येते. तथापि ‘घ’ व ‘ध’, ‘म’ व ‘भ’ यांची अदलाबदल होते आणि अनुस्वार गळतात. ही चूक स्वतःहून दृष्टीस पडत नाही, म्हणून अशा मजकुरातून उतारा घेताना मूळ पान समोर असलेच पाहिजे. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले असले, तरी या आज्ञावलीच्या मूळ सामग्रीत मोडीचा समावेश नाही. त्यामुळे मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकाला स्वतःच्या वाचनावरच भिस्त ठेवावी लागते.

विषयानुसार इतर साधनेही आहेत. संख्याशास्त्रीय कामासाठी ‘आर’, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि ध्वनिविश्लेषणासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठात सिद्ध झालेली ‘प्राट’ ही तिन्ही विनामूल्य आहेत. ‘आर’मध्ये केलेले गणित लिखित आज्ञांच्या रूपाने शिल्लक राहते. परीक्षकाने विचारल्यास निष्कर्ष पुन्हा काढून दाखविता येतो, हा त्याचा विशेष. कोष्टके मात्र साध्या मजकुराच्या स्वरूपातही जतन करावीत.

पीडीएफविषयीही एक सूचना आवश्यक आहे. ते छापील पानाचे रूप जपते, पण देवनागरी मजकूर त्यातून पुन्हा काढताना वेलांट्या व जोडाक्षरे पुष्कळदा विस्कटतात. म्हणून पीडीएफ ही सादर करावयाची प्रत समजावी व मूळ फाईल वेगळी सांभाळावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जमा होऊ लागल्या. त्या भांडारात ज्या प्रबंधाच्या पानांची केवळ छायाचित्रे आहेत, त्यातील एखादा शब्द पुढील अभ्यासकाला शोधता येणार नाही. तो प्रबंध उपलब्ध असूनही अर्धा अदृश्यच राहतो.

शेवटी, कोणतीही आज्ञावली प्रतींची जागा घेऊ शकत नाही. महत्त्वाच्या लेखनाच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, व त्यांपैकी एक दुसऱ्या वास्तूत, एवढी शिस्त प्रत्येकाने पाळावी. नवी साधने येत राहतील व आज शिफारस केलेली काही मागेही पडतील. अशा वेळी नावांपेक्षा आरंभी दिलेला प्रश्नच अधिक उपयोगी पडेल. लेखन युनिकोडमध्ये असेल, स्वरूप खुले असेल आणि प्रती सुरक्षित असतील, तर साधन बदलले तरी संशोधन हातचे जाणार नाही.