कढ येऊ न देण्याचं शास्त्र

व्हिएतनामच्या ‘फो’ या बीफ-नूडल सूपचा रस्सा हाडं तासन्‌तास शिजवूनही इतका नितळ राहतो, की वाडग्यातल्या तांदळाच्या नूडल्स त्यातून स्पष्ट दिसतात. घरी करून पाहणारे बहुतेक जण मसाल्यांच्या यादीत अडकतात. माझ्या मते या सूपचं खरं कसब आच सांभाळण्यात आहे.

फो आकाराला आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, उत्तर व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात. तेव्हा तिथे फ्रेंचांची राजवट होती. त्यांच्यामुळे गोमांसाची मागणी वाढली आणि मागे उरलेल्या हाडांचं सोनं स्थानिक स्वयंपाक्यांनी केलं. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लोकांबरोबर तो सायगावात पोचला.

हाडं, सांधे आणि स्नायुबंध यांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. त्याचा रेणू तीन पदरी दोरासारखा पिळलेला. साधारण ६०-६५ अंश सेल्सिअसच्या पुढे हा पीळ सैल होऊ लागतो, आणि पाणी ८५ ते ९५ अंशांवर काही तास राहिलं की पदर सुटे होऊन त्याचं जिलेटिन बनतं. ओठांना किंचित चिकटणारा रश्श्याचा दाटपणा त्याचाच. आपल्याकडच्या पाया सूपमध्येही हेच घडतं, त्यामुळे बीफ न खाणाऱ्यांना मटणाच्या नळ्या आणि पाय घेऊन हाच मार्ग धरता येईल.

म्हणजे जिलेटिनसाठी खळखळ उकळी लागतच नाही. उलट उकळीच्या घुसळणीने चरबीचे थेंब फुटून बारीक होतात, जिलेटिन त्यांच्याभोवती लेप धरतं आणि ते पुन्हा एकत्र येत नाहीत. त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून रस्सा पांढुरका दिसतो. जपानी तोन्कोत्सु रामेनसाठी डुकराची हाडं मुद्दाम अशी खळखळवतात, तिथे दुधाळ रस्साच हवा असतो. फोसाठी मात्र हाडं आधी वेगळ्या पाण्यात काही मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्यायचं. रक्तातली प्रथिनं गोठून झालेली मळी त्याबरोबर जाते. मग हाडं धुऊन ताज्या पाण्यात घालायची आणि अधूनमधून एखादा बुडबुडा येईल इतकीच आच ठेवायची.

कुकर वापरला तर? हा प्रश्न जुना आहे. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये बनवलेलं कुकरचं पहिलं रूप हाडं मऊ करण्यासाठीच होतं. दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत तापतं, कोलॅजेन झपाट्याने सुटतं. पण प्रत्येक शिट्टीबरोबर दाब घटतो आणि आत उकळी फुटते. म्हणून दाब आला की आच अगदी बारीक करायची आणि शेवटी कुकर आपोआप निवू द्यायचा.

कांदा आणि आलं थेट जाळावर काळपट होईपर्यंत भाजतात, त्यालाही कारण आहे. पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही आणि भाजल्याचा खमंगपणा चटकन यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. ती चव बाहेरून कमावूनच आत आणावी लागते. उष्णतेने आल्यातल्या तिखट जिंजेरॉलचा काही भाग झिंजेरोन या सौम्य, गोडसर द्रव्यात बदलतो. आपल्या मालवणी मसाल्यातलं चक्रीफूल इथेही आहे, व्हिएतनामच्या लांग सोन प्रांतात ते मुबलक पिकतं. त्याचा सुगंध ज्या ॲनेथोलमुळे येतो, ते पाण्यात जेमतेम विरघळतं, पण चरबीत सहज. म्हणून वरचा तवंग सगळा काढून टाकू नये, आणि सुगंध वाफेबरोबर उडू नये म्हणून मसाले शेवटच्या तासातच घालावेत.

मिठाबरोबर फिश सॉस घालतात. मिठात महिनोन्‌महिने मुरलेल्या माशांची प्रथिनं तुटून त्यात ग्लुटामेट तयार झालेलं असतं. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये जपानमध्ये ‘उमामी’ चवीचा शोध लावला, तो याच द्रव्यातून. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी तशीच चव इनोसिनेटमध्ये दाखवली, जे मांसात असतं. ही दोन्ही एकत्र आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. मांसाच्या रश्श्यात थोडासाच फिश सॉस पुरतो तो यामुळे.

तांदळात ग्लुटेन नसतं. नूडल्सना धरून ठेवतो तो शिजून थंड होताना घट्ट बसलेला स्टार्च. म्हणून कोरड्या नूडल्स आधी साध्या पाण्यात भिजवायच्या आणि उकळत्या पाण्यातून झटकन काढायच्या. जास्त वेळ ठेवल्या तर लगदा होतो.

वाढताना मात्र नियम उलटा. कच्च्या मांसाचे काप वाडग्यातच शिजायचे असतात, म्हणून गाळलेला रस्सा आता खळखळून उकळायचा. मांस फ्रीझरमध्ये जरा कडक करून घेतलं, की धाग्यांच्या आडव्या दिशेने कागदासारखे पातळ काप निघतात. वाडगा आधी गरम पाण्याने तापवून घ्यायचा. थंड वाडगा आणि थंड नूडल्स रश्श्याची बरीच उष्णता शोषून घेतात, आणि मग काप आतून कच्चे राहतात.