मिरज : दुरुस्तीला येणाऱ्यांचं गाव

मिरजेला हौसेनं कुणी येत नाही. अंगात काहीतरी बिघडलेलं असतं, वाद्य बेसूर बोलत असतं, नाहीतर गाडी बदलायची असते. 'बघायला' म्हणून यावं असं इथं फारसं काही नाही, हे आम्ही मिरजकर आधीच कबूल करून टाकतो. किल्ला होता, आता त्याच्या खुणा शोधाव्या लागतात. शिवाजी महाराजांनी 1660 च्या सुरुवातीला त्याला वेढा घातला होता. पण सिद्दी जौहर चालून येतोय म्हटल्यावर वेढा सोडून ते पन्हाळ्याला गेले. पर्यटक आजही तेच करतात.

स्टेशनवर उतरलात की गावाचा स्वभाव कळायला लागतो. फलाटावर निम्मी माणसं पुढच्या गाडीची वाट बघत असतात आणि उरलेल्यांच्या हातात एक्स-रेची पाकिटं असतात. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून आणि पंढरपूरकडून येणारे रूळ इथं एकत्र येतात. पुण्याचा मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला, बेळगावकडचा तेव्हा मीटरगेज होता आणि पंढरपूरकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली नॅरोगेज. तीन मापांचे रूळ एकाच स्टेशनात असण्याचं भाग्य देशात फार थोड्या गावांना लाभलं. भाग्य म्हणायचं ते आम्ही. हमालांना विचाराल तर एका डब्यातली पोती उतरवून दुसऱ्या डब्यात भरण्याच्या त्या कामाला ते वेगळं काही म्हणतील.

त्याच नॅरोगेजची पुढं ब्रॉडगेज झाली, म्हणून 2016 च्या एप्रिलमध्ये दुष्काळी लातूरला पाणी पोचवता आलं. कोट्याहून धुऊन आणलेल्या टाक्या मिरजेत भरल्या गेल्या आणि 12 एप्रिलला पहाटे पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. गावात तेव्हा कौतुकाच्या जोडीनं कुरकुरही होती, कारण आमच्याकडच्या कितीतरी नळांना तेव्हाही दिवसाआड पाणी होतं. पण गाडी निघाली की माणसं बघायला जायची.

आता दवाखाने. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे 1889 मध्ये या भागात आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचा दवाखाना सुरू झाला. तीनच वर्षांनी त्यांनी डॉक्टर घडवणारी शाळाही काढली. शस्त्रक्रियेसाठी त्यांचं नाव असं झालं, की माणसं बैलगाड्या जुंपून मुक्कामाच्या तयारीनं येऊ लागली. साहेबाला 1928 मध्ये 'सर' किताब मिळाला. क्षयरोग्यांसाठीचं आरोग्यधाम जिथं झालं, त्या भागाला आजही वानलेसवाडी म्हणतात. त्या एका दवाखान्याभोवती गावाचा धंदाच बदलला. पुढं 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, खासगी दवाखान्यांची तर रांगच लागली. मिरजेत पत्ता सांगायचा तो दवाखान्याच्या खुणेवर. इथल्या प्रत्येक घरात एक अर्धा डॉक्टर असतो. पाहुण्यानं पोट दुखतंय म्हणायचा अवकाश, आजी त्याला कुठल्या डॉक्टरकडं जायचं आणि कुठल्याकडं अजिबात जायचं नाही हे सांगून मोकळी होते.

रोगी येतात ते निम्मे कर्नाटकातून. अथणी, रायबाग, उगार, विजापूर ही त्यांची गावं. त्यामुळं औषधाच्या दुकानांवर कानडी पाट्या दिसतात, आणि चार इयत्तांच्या पुढं न गेलेला रिक्षावाला 'बर्री, कुंड्री' म्हणत म्हाताऱ्याला हात देऊन रिक्षात बसवतो. आमच्या मराठीलाही ती चाल लागलेली आहे. 'जेवलास की?', 'येतो की', 'हाय की' अशी प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'की' लावल्याशिवाय मिरजकराला बोलल्यासारखं वाटत नाही.

गंमत अशी, की मिरजेचं गाणंसुद्धा आजारपणातून आलं. कुरुंदवाडचा विष्णू नावाचा मुलगा फटाक्यानं डोळ्याला इजा झाली म्हणून मिरजेला आणला गेला. डोळे पूर्ण सुधारले नाहीत, पण मिरजेच्या संस्थानिकांनी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला बसवलं. हेच विष्णू दिगंबर पलुस्कर. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. बालगंधर्वांच्या कानाला त्रास होता, तेव्हा शाहू महाराजांनी उपचारांसाठी त्यांना मिरजेला वानलेस साहेबांकडं पाठवल्याचं सांगतात. किर्लोस्कर नाटक मंडळीत गेल्यावर 1905 मध्ये शकुंतलेच्या भूमिकेत ते पहिल्यांदा उभे राहिले तेही मिरजेतच. गावातल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते उगीच नाही. आणि अब्दुल करीम खाँसाहेब? त्यांना प्लेगनं गाठलं होतं, ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर ते बरे झाले, अशी गावाची श्रद्धा. किराना घराण्याचा हा उत्तरेतला गवई मग मिरजेचाच झाला. त्यांची लेक हिराबाई बडोदेकर 1905 मध्ये इथंच जन्मली. खाँसाहेब 1937 च्या ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरीकडं निघाले असताना वाटेत बरं वाटेना म्हणून मद्रासजवळच्या एका लहान स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

या दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे मजारीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो, आणि खाँसाहेबांच्या आठवणीत तिथं गाण्याची सभा भरते. मोठमोठे कलावंत तिथं हजेरी म्हणून गातात, बिदागीसाठी नाही. समोर बसलेल्यांत वकील असतो आणि शेजारी पानवाला. चुकीच्या जागी मान डोलावली तर वकिलाकडं पानवाला रागानं बघतो, हे मी पाहिलेलं आहे.

दर्ग्यापासून सतारमेकर गल्लीत जावं. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया संपल्या, हत्यारांचं काम बसलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला. दुरुस्ती करता करता नवी वाद्यं होऊ लागली. आज तिथं माळ्यावर, जिन्याखाली, दाराच्या चौकटीवर, जागा सापडेल तिथं वाळलेले भोपळे टांगलेले दिसतात. ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. खायच्या उपयोगाचे नाहीत, कडू जात. काप घेऊन, पाण्यात भिजवून, आतून काड्यांचा ताण देऊन भोपळ्याला हवा तसा घेर आणतात. मग तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसते, वर लाखेचा रंग. मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा मोठा, जनानी तंबोऱ्याचा आटोपशीर.

खरं कसब मात्र शेवटी, जवारीत. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्याला न जाणवणारा उतार असतो. तार त्या उतारावर किती टेकते यावर आवाजाचा झंकार ठरतो. कारागीर तार सैल करतो, घोडीवर कानस दोनदा फिरवतो, फुंकर मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, पुन्हा सैल करतो. तासभर हेच चालतं. मोजायला यंत्र नाही, कान हेच माप. तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी तो थांबतो, आणि तंबोरा एकदम भरून बोलायला लागतो. या कामाचे पैसे सांगताना मात्र बहुतेक कारागीर लाजतात, आणि हे मला बरोबर वाटत नाही. मोबाइलमधल्या तंबोऱ्यानं त्यांचं गिऱ्हाईक आधीच कमी केलंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण पुढच्या पिढीतला पोरगा कानस हातात धरेल की नाही हे मानांकनावर नाही, मजुरीवर ठरणार आहे.

सांगलीबद्दल बोलल्याशिवाय मिरजेचा परिचय पुरा होत नाही. सांगली ही पटवर्धनांच्या मिरज जहागिरीतून 1801 मध्ये वेगळी झालेली वाटणी. ही वेगळी झालेली पाती पुढं जिल्ह्याचं ठिकाण झाली, हळदीच्या बाजारानं श्रीमंत झाली, आणि 1998 मध्ये दोन्ही गावांची कुपवाडसह एक महापालिका झाली तेव्हा नावात पहिली बसली. ही गोष्ट मिरजकराला अजून पचलेली नाही. शहर बसनं अर्ध्या तासाचं अंतर, रोजचं येणं-जाणं, सोयरिकी. तरी 'सांगली-मिरज' म्हटलं की आमचा माणूस 'मिरज-सांगली' अशी दुरुस्ती करतोच.

गणपतीत गाव वेगळंच होतं. रस्त्यांवर तीन-तीन मजली स्वागत कमानी उभ्या राहतात आणि अनंत चतुर्दशीला निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशीही संपत नाही. याच कमानींवरच्या एका चित्रावरून 2009 मध्ये दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. हा विषय काढलेला गावात कुणाला आवडत नाही. पण दर्ग्यातली सभा सांगायची आणि हे गाळायचं, तर तो अर्धाच परिचय होईल.

तेव्हा, कधी गाडी चुकली तर स्टेशनवर बसून राहू नका. सतारमेकर गल्ली रिक्षानं जवळ आहे. आणि तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायची असेल तर वाद्य कुरियरनं पाठवू नका, घेऊन स्वतः या. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय चांगला कारागीर कानस हातात घेत नाही.