जपून खरेदी – भाग ७ : सव्वापाच रत्तीचा पुष्कराज

‘ओरिजनल सिलोनी पुष्कराज, सव्वापाच रत्ती, सर्टिफिकेटसह, फक्त ७९९ रुपये’ अशा थाटाची जाहिरात मोबाइलवर कधी दिसलीच नाही, असा माणूस आता विरळा. रात्री मागवलेले पाकीट दोन-चार दिवसांत घोडबंदर रोडच्या कोंडीतून वाट काढत मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या सोसायटीत येऊन पोहोचते. आत मखमली डबी, डबीत पिवळा खडा आणि सोबत क्रेडिट कार्डाएवढे चकचकीत प्रमाणपत्र. घरच्यांचा प्रश्न एकच असतो, ‘खरा आहे ना?’

गेल्या आठवड्यात सोन्याचा हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी आपण पाहिला. तो शिक्का अंगठीच्या धातूची शुद्धता सांगतो, तिच्यात बसवलेल्या खड्याबद्दल मात्र एक अक्षरही सांगत नाही. खड्याची पारख वेगळी करावी लागते.

‘खरा की खोटा’ एवढ्या एका प्रश्नाने तिथे भागत नाही. खडा नेमका कोणत्या खनिजाचा आहे? तो जमिनीत तयार झाला की कारखान्यात? त्याचा रंग नि चमक वाढवायला त्यावर काय प्रक्रिया केली? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच चौथा येतो, त्याची किंमत किती. स्वस्तातला विक्रेता बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या अक्षरांत देतो आणि पुढच्या दोन्हींबद्दल गप्प बसतो.

आधी हिशेब करू. खड्यांच्या बाजारातली रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची, म्हणून सव्वापाच रत्ती म्हणजे ०.९६ ग्रॅम, अर्थात ४.७८ कॅरेट. ७९९ रुपयांत कॅरेटचा भाव पडला १६७ रुपये. चांगल्या रंगाच्या, स्वच्छ, भट्टी न लागलेल्या सिलोनी पुष्कराजाला कॅरेटमागे हजारो रुपये मोजावे लागतात. इथेच पाकीट न उघडता बरेचसे उत्तर मिळते. रत्तीतही खाच आहे. सोन्याच्या जुन्या मापात ९६ रत्तींचा तोळा, म्हणजे तिथली रत्ती जेमतेम १२१ मिलिग्रॅमची. त्या हिशेबाने सव्वापाच रत्तीचा खडा ०.६४ ग्रॅमचाच भरेल आणि ग्राहकाला तिसरा हिस्सा कमी मिळेल. म्हणून जाहिरातीत रत्ती असो वा कॅरेट, वजन ग्रॅममध्ये लिहून मागावे.

यानंतरची परीक्षा घरच्या ओट्यावर करता येते. खडा सुटा असावा आणि वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आधी खडा कोरडा तोलून घ्यावा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडावा, पण तो वाटीच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तर खड्याला बुडबुडे चिकटत नाहीत. आता काट्यावर दिसेल ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते.

पुष्कराज, नीलम आणि माणिक ही तिन्ही रत्ने कोरंडम या एकाच खनिजाची. त्याची घनता ४ च्या आसपास असते, म्हणजे ०.९६ ग्रॅमचा पुष्कराज पाण्यात ०.२४ दाखवेल. सुनेला हा क्वार्ट्झ, त्याची घनता २.६५, तो ०.३६ दाखवेल. टोपाझ ०.२७ च्या घरात येईल. झिर्कॉन म्हणून विकला जाणारा क्युबिक झिर्कोनिया भलताच जड, तो ०.१६ वर थांबेल. काच मात्र अनेक प्रकारची असते, त्यामुळे तिचा आकडा ठरलेला नाही. माप तीनदा घ्यावे, कारण कोरंडम आणि टोपाझ यांच्यात फरक थोडाच आहे. सुनेला हे पुष्कराजाचे रीतसर उपरत्न आहे. सुनेला म्हणून सुनेल्याच्या भावात विकला तर त्यात गैर काही नाही. पुष्कराजाचे नाव लावून विकणे ही मात्र सरळ फसवणूक आहे.

काट्यावर ०.२४ आले तरी हुरळून जाऊ नये. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नुई यांनी ज्वाळेत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची पद्धत १९०२ साली जाहीर केली. या पद्धतीने रंगीत कोरंडम आजही ढिगाने तयार होते. त्याची घनता आणि कठीणपणा खाणीतल्या खड्याइतकाच, रसायनही तेच. दहापट भिंगाखाली काही वेळा त्यात वाढीच्या वक्र रेषा दिसतात, तर नैसर्गिक खड्यात त्या सरळ किंवा कोनात वळलेल्या असतात. पिवळ्या खड्यात मात्र या रेषा दिसणे अवघड, तिथे जाणकारही प्रयोगशाळेकडे बोट दाखवतो.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. नुसती भट्टी देऊन रंग खुलवणे ही जुनी पद्धत आहे आणि ती सांगून विकली तर बाजाराला मान्य आहे. २००२च्या सुमारास वेगळाच प्रकार उघडकीस आला. भट्टीत बेरिलियम खड्यात मुरवून फिक्या कोरंडमला पिवळा-नारिंगी रंग आणला जात होता. असा खडा भिंगाला सहज दाद देत नाही. लेझरने त्यावरचे सूक्ष्म कण उडवून मूलद्रव्ये मोजणारी यंत्रेच ते पक्के सांगू शकतात. माणकाची गोष्ट आणखी गंभीर. २००४ पासून बाजारात शिशाची काच भरलेली माणके येऊ लागली. भेगाळलेल्या, टाकाऊ खड्याच्या चिरांत काच मुरवली की तो लालबुंद आणि स्वच्छ दिसतो. भिंगाखाली खडा हळूहळू फिरवला की चिरांतून निळी-नारिंगी झळक उठते, आत अडकलेले गोल बुडबुडेही दिसतात. या काचेला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही. रोज स्वयंपाक करणाऱ्या हातातल्या अशा अंगठीवर काही काळाने पांढुरक्या रेघा उमटू शकतात. सराफाने अंगठी सैल-घट्ट करताना खडा न काढता ज्योत लावली, तर खडा कायमचा बिघडतो. म्हणून असा खडा असेल तर सराफाला आधीच सांगावे.

लाल दगडांमधली तफावत केवढी असते, याचे एक उदाहरण पाहा. मोझांबिकमधल्या खाणीतले ‘एस्ट्रेला द फुरा’ हे ५५.२२ कॅरेटचे माणिक जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेले. काच भरलेले माणिक ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळते. दोन्हींचे खनिज एकच, कोरंडम.

दुधात खडा टाकून दुधाचा रंग पाहणे, हातोडी मारून पाहणे असल्या परीक्षांवर विसंबू नये. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. हिरा हातोडीने फुटत नाही ही समजूत त्याने त्यात खोडून काढली होती. कठीणपणा म्हणजे ओरखडा न उठणे. घावाने हिराही फुटतो, मग पुष्कराजाची काय कथा!

पाकिटातल्या कार्डावरचा क्रमांक ते देणाऱ्या प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि तिथले वजन नि मापे हातातल्या खड्याशी ताडून पाहावीत. विक्रेत्याच्याच साइटवर उघडणारे प्रमाणपत्र पुरावा म्हणून धरू नये. अहवालात ‘नॅचरल’ या शब्दावर न थांबता खालचा शेरा वाचावा. भट्टी, बेरिलियम किंवा काच यांचा उल्लेख तिथेच असतो. शंका राहिली तर मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, आयजीआय आणि जीआयएच्या प्रयोगशाळाही आहेत. फी आधी विचारून घ्यावी, कारण ७९९ रुपयांच्या खड्यासाठी ती खड्याहून जास्त पडू शकते. अशा वेळी खडा परत करणेच शहाणपणाचे.

त्यासाठी पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवावे. परतीची मुदत संपण्याआधी लेखी तक्रार करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवे. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जायचे तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात जाण्याची मुभा दिली आहे. विक्रेता जयपूरचा असो वा सुरतचा, घोडबंदर रोडच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगात दाद मागता येते. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

(पुढील भागात : मोती आणि पोवळे – शिंपल्यातले, तलावातले आणि रंगवलेले)